बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारावरचे संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विकाराविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत रुग्ण आहेत, त्यांचे आईवडील, भावंडे व जोडीदार आहेत आणि मानसशास्त्राचे काही विद्यार्थीही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसरीकडे केला असेल, तर तेथील प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सोयीसाठी पुढे ‘बीपीडी’ हे रूढ लघुरूप वापरले आहे.

१. बीपीडी म्हणजे नेमके काय? आणि ‘बॉर्डरलाइन’ म्हणजे कशाची सीमा?

भावना, नातेसंबंध, स्वतःविषयीची कल्पना आणि वागण्यावरचा ताबा या चारही बाबतींत दीर्घकाळ टिकणारी अस्थिरता हे या विकाराचे मुख्य लक्षण आहे. माणूस आपल्याला सोडून जाईल ही तीव्र भीती, आज देव वाटणारी व्यक्ती उद्या वैरी वाटणे, आतून रिकामे वाटत राहणे, अनावर राग, अविचाराने केलेली कृती आणि स्वतःला इजा करून घेणे ही त्याची परिचित रूपे आहेत.

नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. १९३८ मध्ये अडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकाने न्यूरोसिस (चिंतेसारखे, वास्तवाचे भान शाबूत असलेले मनोविकार) आणि सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणारे मनोविकार) यांपैकी कोणत्याच कप्प्यात न बसणाऱ्या रुग्णांसाठी ‘सीमेवरचा गट’ असा शब्दप्रयोग केला. तेव्हाची ती सीमारेषा आज कोणी मानत नाही, तरी नाव चिकटले ते चिकटलेच. त्यामुळे ‘म्हणजे आजार अजून थोडासाच आहे का?’ असे विचारणारे नातेवाईक आजही भेटतात. या नावातून आजाराची तीव्रता कळत नाही. तो सौम्यही असू शकतो आणि अतिशय गंभीरही. १९७५ मध्ये जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी तोवरच्या विस्कळीत वर्णनांमधून तपासता येतील अशी लक्षणे वेगळी काढली, आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-३ या नियमावलीत हा विकार अधिकृतपणे दाखल झाला. मोजमाप करता येईल असे संशोधन खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाले.

२. निदान कशावरून करतात? रक्ततपासणी किंवा एमआरआय करून खात्री करता येते का?

येत नाही. निदान प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सविस्तर मुलाखत घेऊनच करतात. डीएसएमच्या सध्याच्या आवृत्तीत नऊ निकष आहेत आणि त्यांपैकी किमान पाच जुळावे लागतात. नववा निकष, म्हणजे ताणाच्या वेळी तात्पुरता येणारा संशय किंवा स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे, १९९४ मध्ये जोडला गेला.

नवांपैकी पाच किंवा अधिक निकष निवडण्याच्या पद्धती गणिताने २५६ होतात. म्हणजे एकच निदान मिळालेल्या दोन व्यक्तींमध्ये फक्त एक निकष समान असू शकतो. एकीला राग आणि अविचारी कृतींचा त्रास असेल, तर दुसरी शांत, रिकामी आणि टाकून दिले जाण्याच्या भीतीने ग्रासलेली असेल. पुढच्या बहुतेक उत्तरांत ‘निष्कर्ष संमिश्र आहेत’ असे येईल, तेव्हा त्यामागे हे गणितही आहे हे ध्यानात ठेवावे. इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या फार तर डॉक्टरांकडे जाण्याचे निमित्त ठरू शकतात, त्यांना निदान म्हणता येणार नाही.

३. हा विकार किती जणांना असतो? बायकांनाच जास्त होतो असे म्हणतात, ते खरे का?

प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, आणि याचे बोलके उदाहरण अमेरिकेतच आहे. तेथील एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी बीपीडी असण्याचे प्रमाण ५.९ टक्के निघाले. त्याच मुलाखतींना पुढे अधिक कडक नियम लावले, म्हणजे लक्षणांमुळे खरोखर त्रास किंवा नुकसान झाले असेल तरच ती धरली, तेव्हा आकडा २.७ टक्क्यांवर आला. दुसऱ्या एका अमेरिकी सर्वेक्षणात तो १.४ टक्के होता. पहिल्या दोन आकड्यांमध्ये तर माणसेही बदलली नव्हती, फक्त चाळणी बदलली होती. म्हणून कुठेही एकच आकडा ठामपणे दिलेला दिसला, तर तो कोणत्या चाळणीतून आला हे विचारावे.

दवाखान्यांत दिसणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया असतात. पण वर उल्लेखलेल्या पहिल्या सर्वेक्षणात, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन विचारले तेव्हा, स्त्री-पुरुषांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. उपचारांसाठी कोण येतो आणि त्याच रागाला डॉक्टर कोणते नाव देतात, यावर हा फरक बराचसा अवलंबून असावा. पुरुष रुग्ण व्यसनमुक्ती केंद्रांत किंवा पोलिसांच्या नोंदींत सापडतो आणि तेथे व्यक्तिमत्त्वाची चौकशी सहसा होत नाही.

४. बायपोलर आणि बीपीडी एकच का? माझ्या भावाला दोन डॉक्टरांनी दोन वेगवेगळी निदाने सांगितली.

एकच नाहीत, पण गोंधळ होण्याजोगे साम्य आहे. बायपोलरमध्ये उन्मादाचा किंवा नैराश्याचा टप्पा दिवसच्या दिवस किंवा आठवडे चालतो, उन्मादात झोपेची गरज कमी होते आणि बाहेर काही घडले नसतानाही तो सुरू होऊ शकतो. बीपीडीमध्ये मनःस्थिती बहुधा काही तासांत पालटते आणि तिला निमित्त असते. ते निमित्त बहुतेक वेळा नात्यातलेच असते : उत्तर न आलेला मेसेज, बदललेला सूर, रद्द झालेली भेट. दोन्ही विकार एकाच व्यक्तीला असू शकतात, त्यामुळे दोघा डॉक्टरांपैकी एक चुकलाच असे नाही. काही महिन्यांची मनःस्थितीची रोजनिशी घेऊन गेल्यास एका भेटीतल्या आठवणींपेक्षा तिचा निदानाला जास्त उपयोग होतो. आठवणींवर का विसंबू नये, याचे कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

५. हा आनुवंशिक आहे का? बहिणीला आहे, मग मलाही होईल का?

वाटा आहे, पण तो अटळ नाही. स्वीडनमध्ये १९७३ ते १९९३ या काळात जन्मलेल्या सुमारे साडेअठरा लाख लोकांच्या नोंदींवरून झालेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे सर्वांत उपयोगी आहे. त्यात आनुवंशिकतेचा वाटा ४६ टक्के आला. सख्ख्या भावंडाला निदान असेल तर धोका ४.७ पट आणि एकसारख्या जुळ्या भावंडाला असेल तर ११.५ पट आढळला.

‘पट’ हा शब्द घाबरवणारा आहे, म्हणून हिशेब करून पाहू. समजा एखाद्या समाजात शंभरात एकाला हे निदान होते. तेथे धोका ४.७ पट झाला तरी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक भावंडांना हा विकार होत नाही. शिवाय ४६ टक्के म्हणजे ‘तुमच्या आजाराचा ४६ टक्के भाग जनुकांमुळे’ असेही नव्हे. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा फरक जनुकीय भेदांशी जुळतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

बीपीडीचे असे एकच जनुक नाही. जनुकसंचाचा पहिला व्यापक अभ्यास २०१७ मध्ये झाला. त्यात हजाराच्या आसपास रुग्ण होते आणि ठामपणे बोट ठेवावे असे एकही ठिकाण त्यात सापडले नाही. मात्र नैराश्य, बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया यांच्याशी जनुकीय नाते दिसले. पुढे बारा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात काही ठिकाणे हाती लागली, पण त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम इतका बारीक आहे की त्यावरून कोणा एकाविषयी भाकीत करता येत नाही. अशी ‘चाचणी’ विकणारा कोणी भेटला तर पैसे वाचवावेत.

६. म्हणजे दोष आईवडिलांचा का? लहानपणी छळ झाला असेल तरच होतो ना?

हा प्रश्न बहुधा आया विचारतात आणि बहुतेक वेळा पत्राच्या अगदी शेवटी विचारतात. म्हणून उत्तर नीट द्यायला हवे.

बालपणातील प्रतिकूल अनुभव आणि बीपीडी यांचा संबंध भक्कम आहे. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे ७१ टक्के रुग्णांनी किमान एक असा अनुभव सांगितला, आणि मानसिक आजार नसलेल्या लोकांच्या तुलनेत तो सांगण्याची शक्यता जवळपास १४ पट होती. हेच आकडे उलट बाजूने वाचले, तर दहांपैकी जवळजवळ तीन रुग्णांनी असे काहीच सांगितले नाही. तेव्हा ‘छळ झाला असेल तरच’ हे विधान चुकीचे ठरते.

संबंध आहे म्हणजे कारण आहे का, हा पुढचा पेच. अमेरिकेत मिनेसोटातील जुळ्यांच्या एका अभ्यासात एका जुळ्याच्या वाट्याला छळ आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला आला नाही अशा जोड्यांची तुलना केली. तेव्हा संबंधाचा बराचसा भाग दोघांत समान असलेल्या जनुकीय घटकांनी समजावता आला. एका अभ्यासाने वाद मिटत नाही, आणि यावरून छळ निरुपद्रवी ठरतो असे तर मुळीच नाही. मार्शा लिनेहान यांनी मांडलेले प्रारूप अनेक संशोधकांना आज जवळचे वाटते. जात्याच भावना लवकर आणि तीव्रतेने उसळणारे मूल आणि त्या भावनांना ‘काहीतरी नाटके’ म्हणून झटकून टाकणारे वातावरण एकमेकांना चिघळवत जातात, असे त्यात मानले आहे. असे वातावरण प्रेमळ घरातही असू शकते. चार शांत माणसांच्या घरात जन्मलेले पाचवे वादळी मूल कोणाला समजतच नाही, एवढेही पुरते.

७. या रुग्णांच्या मेंदूत काही वेगळे असते का?

गटाच्या पातळीवर फरक दिसतात. भीती व धोका टिपणारा अमिग्डला हा भाग भावनिक चित्रांना अधिक तीव्र प्रतिसाद देतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे, पण सर्वच अभ्यासांत नाही. नमुने लहान असतात, रुग्ण औषधे घेत असतात आणि सोबत नैराश्य किंवा आघातोत्तर ताणाचा विकारही असतो. त्यामुळे फरक नेमका कशामुळे, हे वेगळे काढणे कठीण जाते.

त्यापेक्षा मला एक साधा खेळ अधिक सांगून जातो. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन अनोळखी माणसे दहा फेऱ्या खेळतात. दर फेरीला पहिल्याला २० डॉलर मिळतात. त्यांतले हवे तितके तो दुसऱ्याकडे पाठवतो, वाटेत ती रक्कम तिप्पट होते आणि दुसरा त्यातून काय परत करायचे ते ठरवतो. कधीतरी पहिल्याचा विश्वास डळमळतो आणि तो अगदी थोडे पैसे पाठवतो. अशा वेळी निरोगी खेळाडू बहुधा मोठे मन करून भरघोस परतफेड करतो आणि समोरच्याची समजूत काढतो, की पुढच्या फेरीत पुन्हा मोठी रक्कम येते. बीपीडी असलेल्या खेळाडूंनी ही समजूत काढण्याची चाल फार कमी वेळा वापरली, आणि शेवटच्या फेऱ्यांपर्यंत सहकार्य कोसळले. निरोगी खेळाडूंच्या मेंदूतील पुढचा इन्सुला हा भाग तुटपुंजी रक्कम येताच जणू ‘काहीतरी बिनसले’ असा इशारा देत होता. रुग्णांमध्ये येणाऱ्या रकमेला तो तसा प्रतिसाद देत नव्हता. फाटू लागलेले नाते वेळीच शिवायचे असते, हे कळवणारी घंटाच वाजत नसावी, असा याचा एक अर्थ लावता येतो. मात्र प्रयोगशाळेतला खेळ म्हणजे संसार नव्हे.

८. मनःस्थिती झपाट्याने बदलते हे मोजले कसे? की रुग्ण सांगतात म्हणून मानायचे?

आठवणीवर विसंबले की शेवटचे भांडण सगळा आठवडा व्यापून टाकते, हे सर्वांच्याच बाबतीत खरे आहे. म्हणून संशोधकांनी हातात मावणारी उपकरणे देऊन जागच्या जागी नोंदी घेतल्या. जर्मनीतील एका अभ्यासात ५० रुग्ण आणि ५० निरोगी व्यक्तींकडून चोवीस तास, दर १० ते २० मिनिटांनी मनःस्थितीची नोंद घेतली गेली. रुग्णांची मनःस्थिती खरोखरच अधिक वेगाने आणि अधिक खोल घसरत होती. म्हणजे ‘उगाच वाढवून सांगते’ हा घरोघरी होणारा आरोप मोजमापात टिकला नाही.

यापुढची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. हीच पद्धत आघातोत्तर ताणाच्या आणि बुलिमिया या खाण्याच्या विकाराच्या रुग्णांवर वापरली, तेव्हा त्यांच्यातही तितकीच अस्थिरता आढळली. अस्थिरता खरी आहे, पण ती केवळ बीपीडीची ओळख ठरत नाही.

९. ‘हा आजार बरा होत नाही, व्यक्तिमत्त्वच तसे आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले. संशोधन काय म्हणते?

बरोबर उलट म्हणते, आणि या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी १९९२ मध्ये एक अभ्यास सुरू केला. त्यात बीपीडीचे २९० रुग्ण होते, सर्व जण रुग्णालयात दाखल होण्याइतके आजारी. तुलनेसाठी इतर व्यक्तिमत्त्व विकार असलेले ७२ जण होते. दर दोन वर्षांनी प्रत्येकाची पुन्हा मुलाखत घेतली जाई. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांना किमान दोन वर्षे टिकणारी आणि ८६ टक्क्यांना किमान चार वर्षे टिकणारी लक्षणमुक्ती मिळाली. लक्षणमुक्ती म्हणजे निदानाचे निकष यापुढे लागू न होणे. एकदा चार वर्षे ओलांडली की लक्षणे उलटण्याचे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत उतरले. अमेरिकेतल्याच आणखी एका बहुकेंद्री अभ्यासात दहा वर्षांत ८५ टक्के रुग्ण किमान बारा महिने निकषांबाहेर राहिले.

मग डॉक्टरांनाही तसे का वाटते? अंदाज असा की जे सुधारतात ते दवाखान्यात येणे थांबवतात आणि जे सुधारत नाहीत ते येत राहतात. वीस वर्षे खुर्चीत बसून दुसराच गट पाहिला, तर तसाच समज होणार.

आता पदरात पडलेल्या या चांगल्या बातमीची दुसरी बाजू. स्वतःला इजा करणे आणि आत्महत्येचे प्रयत्न यांसारखी तीव्र लक्षणे लवकर ओसरतात. राग, रिकामेपणा आणि सोडून जाण्याची भीती ही स्वभावात मुरलेली लक्षणे रेंगाळतात. लक्षणमुक्तीबरोबरच एक तरी जवळचे नाते आणि पूर्णवेळ काम किंवा शिक्षण व्यवस्थित सांभाळता येणे, यालाच सावरणे म्हटले, तर झनारिनी यांच्या अभ्यासात दहा वर्षांत निम्मेच रुग्ण तेथवर पोहोचले. याचा व्यवहारातला अर्थ प्रश्न १५ मध्ये पाहा.

१०. आत्महत्येची धमकी ‘फक्त लक्ष वेधण्यासाठी’ असते, तिकडे दुर्लक्ष करावे असे नातेवाईक म्हणतात. करावे का?

करू नये. वर सांगितलेल्या मॅक्लीनच्या अभ्यासात २४ वर्षांत ५.९ टक्के रुग्णांचा मृत्यू आत्महत्येने झाला, तुलनेच्या गटात हे प्रमाण १.४ टक्के होते. कॅनडातील एका जुन्या, २७ वर्षांच्या पाठपुराव्यात ते सुमारे १० टक्के निघाले होते. ज्याकडे कोणी पाहत नाही ते असे : २४ वर्षांत आणखी १४ टक्के रुग्ण इतर कारणांनी अकाली गेले. तेव्हा मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांच्याकडे लक्ष देणे हाही बीपीडीच्या उपचारांचाच भाग आहे.

कोणी असे बोलत असेल तर तिला किंवा त्याला एकटे सोडू नये, शांतपणे आणि थेट विचारावे आणि उपचार करणाऱ्यांना कळवावे. भारतात टेलिमानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास व मराठीतही उपलब्ध आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे पोलीस प्रकरणाच्या धास्तीने रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये.

११. सर्वांत प्रभावी मानसोपचार कोणता? डीबीटी नसेल तर उपयोग नाही असे ऐकले.

डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, मार्शा लिनेहान यांनी सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित केली. आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, एक कौशल्यवर्ग, अडचणीच्या वेळी फोनवर मार्गदर्शन आणि उपचारकांची आपसांतली बैठक असा तिचा पूर्ण साचा आहे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे गट पाडून घेतलेली तिची पहिली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःला इजा करण्याचे प्रसंग आणि रुग्णालयातले दिवस कमी झाले, परंतु नैराश्य व निराशेच्या मापांवर दोन्ही गटांत फरक पडला नाही. हा दुसरा निष्कर्ष जाहिरातींत सहसा येत नाही. २०११ मध्ये लिनेहान यांनी तरुणपणी आपण स्वतःही याच यातनांतून गेलो होतो हे जाहीरपणे सांगितले.

डीबीटी एकटी नाही. अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी लंडनमध्ये मेंटलायझेशनवर आधारित उपचार उभे केले. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज घेण्याची क्षमता त्यांत वाढवतात. त्यांच्या एका लहान चाचणीचा पाठपुरावा आठ वर्षे झाला. तेव्हा या उपचारांच्या गटातील १३ टक्के आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या गटातील ८७ टक्के रुग्णांना अजूनही निदान लागू होत होते. याशिवाय स्कीमा थेरपी आहे, आणि रुग्ण-उपचारक नात्यालाच भिंग लावणारी एक मनोविश्लेषणात्मक पद्धतही आहे.

वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०२० च्या समीक्षेने ७५ चाचण्या आणि साडेचार हजार रुग्ण तपासले. विशेष मानसोपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले, पण फरक बेताचा आणि पुराव्याचा दर्जा बहुतांशी कमी ते मध्यम. टोरांटोतील १८० रुग्णांच्या चाचणीचा निकाल तर आणखी विचार करायला लावणारा आहे. तेथे डीबीटीची तुलना अनुभवी मनोविकारतज्ज्ञांच्या शिस्तशीर, मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाललेल्या उपचारांशी केली. वर्षभरात दोन्ही गट सारखेच सुधारले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांची डीबीटी बारा महिन्यांच्या डीबीटीपेक्षा कमी ठरली नाही. म्हणून सांगली किंवा नांदेडात डीबीटीचे प्रमाणपत्र लावलेला उपचारक मिळाला नाही, तर हातपाय गाळू नयेत. हा विकार जाणणारा, वेळा पाळणारा, संकटात काय करायचे ते आधी ठरवून ठेवणारा आणि टिकून राहणारा उपचारक मिळाला, तर त्याच्याकडे जावे.

१२. बीपीडीवर औषध आहे का? नसेल तर मला चार गोळ्या कशासाठी दिल्या आहेत?

केवळ बीपीडीसाठी मान्यता मिळालेले औषध नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्येच सांगितले की बीपीडीसाठी म्हणून किंवा त्याच्या सुट्या लक्षणांसाठी म्हणून औषधे देऊ नयेत. संकटकाळी शामक द्यायचे झाले तर ते आठवड्यापलीकडे नेऊ नये. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लॅमोट्रिजीनविषयी मोठी आशा होती. २७६ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

सोबत नैराश्य, बायपोलर किंवा व्यसन असेल तर त्यासाठीची औषधे योग्यच आहेत. प्रत्येक गोळी कशासाठी, किती दिवस आणि उपयोग झाला नाही तर केव्हा बंद करायची, हे डॉक्टरांना विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. मनाने कोणतीही गोळी एकदम बंद करू नये.

१३. मुलगी पंधरा वर्षांची आहे. एवढ्या लहान वयात निदान करतात का? सगळीच मुले या वयात अशी नसतात का?

करता येते. डीएसएमनुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीत लक्षणे किमान वर्षभर असावी लागतात. पूर्वी ‘शिक्का बसेल’ म्हणून डॉक्टर टाळत. मेलबर्नमध्ये अँड्र्यू चेनन व सहकाऱ्यांनी तरुणांसाठी लवकर उपचारांचा कार्यक्रम चालवून ही टाळाटाळच महाग पडते, ही बाजू लावून धरली. दार आपटणे, रुसणे हे त्या वयाचे आहे. वारंवार स्वतःला इजा करणे, सर्व मैत्रिणींशी एकापाठोपाठ एक तुटणे आणि शाळा सुटणे हे तसे नाही.

१४. जागतिक आरोग्य संघटनेने हा विकार यादीतून काढला म्हणे. मग जुने निदान रद्द झाले का? आणि हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ तर नव्हे?

काढलेला नाही, मांडणी बदलली आहे. २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ या संघटनेच्या आजारांच्या वर्गवारीत वेगवेगळ्या व्यक्तिमत्त्व विकारांची यादी जाऊन एकच विकार सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्यांवर मोजला जातो. त्याला ‘बॉर्डरलाइन धाटणी’ असा जोड देण्याची सोय आहे. आकडेवारीच्या विश्लेषणात बीपीडीचे निकष एका वेगळ्या विकाराऐवजी सर्वच व्यक्तिमत्त्व विकारांच्या सामाईक तीव्रतेशी जुळताना दिसले, हे या बदलामागचे एक कारण. जोड मात्र ठेवावा लागला, कारण उपचारांच्या बहुतेक चाचण्या याच नावाखाली झाल्या आहेत. तुमच्या जुन्या कागदांची किंमत कमी होत नाही.

खुळाविषयी : व्यक्तिमत्त्व विकारांच्या प्रमाणित मुलाखतीची संघटनेने ११ देशांत चाचणी घेतली, त्यांत बंगळूरचे केंद्र होते. वर उद्धृत केलेले जवळजवळ सर्व मोठे अभ्यास मात्र अमेरिका-युरोपचे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. ‘एकटे राहता येणे’ हे तेथे सावरल्याचे लक्षण मानतील. आपल्याकडे सासू-सासऱ्यांसह दोन खोल्यांत राहणाऱ्या सुनेला ते माप लावता येणार नाही.

१५. दहा वर्षांपूर्वी निदान झाले होते. आता डॉक्टर म्हणतात चारच निकष जुळतात. मी बरी झाले का? मग अजून त्रास का होतो?

नियमावलीच्या भाषेत तुम्हाला आता हे निदान लागू होत नाही. पण पाच आणि चार यांच्यामधली रेघ माणसांनी मारलेली आहे, मेंदूत तशी रेघ नाही. प्रश्न ९ मधल्या अभ्यासांत लक्षणे गेली तरी नोकरी आणि नाती मागे राहिली, तशीच ही स्थिती असू शकते. आजारपणात गेलेली वर्षे, अर्धवट राहिलेली पदवी, तुटलेले माहेर लक्षणे गेली म्हणून आपोआप परत येत नाही. अशा टप्प्यावर भावना आवरण्याच्या कौशल्यांपेक्षा काम, शिक्षण आणि रोजचा दिनक्रम यांसाठीची मदत उपचारांच्या केंद्रस्थानी आणावी. पुढच्या भेटीत ‘किती निकष उरले’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात मी किती दिवस कामावर गेले’ हा आकडा घेऊन जाता आला तर पाहावे.